एका तारेवर दोन घंट्या

कोल्हापुरात आले तेव्हा पहिलं वर्षभर मी माझी पिशवी रिकामी केली नाही. खाकी कापडाची, दोन बंदांची पिशवी होती ती, आईने वाशीमच्या बाजारातून आणलेली. मावशीने पहिल्याच दिवशी कपाटातला एक कप्पा मला मोकळा करून दिला होता, पण तिच्या पातळांच्या घडीशेजारी माझे दोन झगे ठेवायला मी धजले नाही. अंघोळीला जाताना पिशवीतून कपडे काढायचे, वाळले की घडी करून परत पिशवीत, आणि पिशवी खुंटीला. उद्या कुणी म्हणालं, ‘बाई, आता जा,’ तर माझ्या आवराआवरीत त्यांचा वेळ जायला नको, असं माझं चाललेलं. तसं कुणी म्हणणार नव्हतं. पण नववीतून शाळा सुटलेली, बाप नसलेली, दुसऱ्याच्या घरी भाकरी खाणारी सोळा वर्षांची मुलगी तसंच धरून चालते. आज या वयातही कुणाकडे गेले तर मी खुर्चीच्या कडेवर बसते. सून म्हणते, ‘मागं टेका की आई.’ टेकवत नाही.

मावशी वऱ्हाडातून एवढ्या लांब आली ती मामामुळे. मामा आणि मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, फौजेत एकाच तुकडीत, दोघेही वायरलेसवर होते. मामाने तिथल्या तिथंच आपल्या बहिणीचं जमवून टाकलं. मी आले तोवर मावशी पुरती इथली झालेली. हाय, न्हाय, व्हय करायची, आणि भाजीवालीशी इतक्या मोठ्यानं बोलायची की पहिल्यांदा मला वाटलं भांडणच लागलं. दोघांना मूलबाळ नव्हतं. वडील गेल्यावर आईने पत्र टाकलं, तर काकांचं उत्तर दोन ओळींचं आलं: ‘पोरीला पाठवा. इथं जागा आहे.’ त्या दोन ओळी हातात धरून मी गाड्या बदलत आले. पहिल्या दिवशी मावशीने भाकरी, आमटी आणि खर्डा वाढला. आमच्याकडेही तिखट खातात, पण हे वेगळंच होतं. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि ते नुसतं मिरचीचं नव्हतं. काका समोर जेवत होते. वर न बघता त्यांनी आपल्या वाटीतलं दही माझ्या ताटात ओतलं आणि पुन्हा जेवू लागले. त्या दह्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

घर मंगळवार पेठेत, बोळाच्या तोंडाशी. पुढच्या खोलीत काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागं स्वयंपाकघर, वर पत्र्याची माडी. दुकानात राळेच्या धुराचा वास भरून असायचा; अजून कुठं सोल्डरचा धूर नाकात गेला की मला त्या घरात आल्यासारखं वाटतं. फळीवर दुरुस्तीला आलेले रेडिओ ओळीने बसलेले असायचे, जुने व्हॉल्व्हचे लाकडी, नवे ट्रान्झिस्टर, कातडी पट्ट्याचे, एखादा टेपरेकॉर्डर, तबकडी फिरायची थांबलेला एखादा रेकॉर्ड प्लेअर. काका एकावेळी दोन-तीन चालू ठेवत. एकावर बाजारभाव, एकावर भजन, एकावर नुसती खरखर, आणि मधूनच कुठल्यातरी परक्या मुलखातला माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा बोलायचा. मावशी आतून ओरडायची, ‘अवं, त्यातला एक तरी मुडदा गप करा की!’ काकांना ऐकू जायचं नाही. फौजेत वर्षानुवर्षं हेडफोन लावून त्यांचा डावा कान गेला होता. की जायचं आणि ते दाखवायचे नाहीत, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता लोकांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण तेव्हा रेडिओलासुद्धा लायसन लागायचं. पोस्टात पैसे भरायचे, मग लहानशा पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून मिळायचं. दवाखान्यात पोराबरोबर केसपेपर न्यावा तसं लोक रेडिओबरोबर ते पुस्तक घेऊन येत. काका पुस्तक बघितल्याशिवाय सेटला हात लावत नसत. एकदा मुरगूडचा एक पाहुणा टॉवेलात रेडिओ गुंडाळून एसटीने आला. पुस्तक घरी राहिलं होतं.

‘लायसन?’ काका म्हणाले.

‘घरात हाय की मालक. म्हशीची शपथ.’

‘मग म्हशीला घेऊन यायचं, तिनं सांगिटलं असतं. लायसन घेऊन या पावणं. मी कुठं पळून चाललोय काय?’

त्याला चहा पाजून परत लावून दिला, पण सेट उघडला नाही. काका असे होते. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते अशा माणसाच्या हातून झालं.

आमच्या घरात फोन होता. त्यासाठी काका कित्येक वर्षं यादीत होते. अर्ज केला तेव्हा त्यांचे केस काळे होते, असं मावशी सांगायची. काळाकुळकुळीत, जड, बोट घालून चकती फिरवायचा फोन. तो काकांचा नव्हताच. फोन सरकारच्या टेलिफोन खात्याचा, वायरही खात्याची, आपण फक्त बोलायचं. कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीला तो राहणार हेही कागदावर लिहिलेलं. दुकानातून आतल्या खोलीत न्यायचा तर अर्ज करायचा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत वाट बघायची. दुसरा फोन त्याच तारेला जोडायचा तर तोही त्यांचाच, त्यांच्याच माणसाने बसवलेला, आणि तोही आपल्याच घरात. बाहेरून आणलेला फोन जोडला तर लाईन कापणार. हे सगळं फोनच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांत बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि काकांना पाठ होतं. मावशीने फोनवर टाकायला क्रोशाचा रुमाल विणला होता. त्याला काही बंदी नव्हती.

फोन आमचा एकट्याचा कसला, अख्ख्या बोळाचा होता. लग्नपत्रिकांवर आमचा नंबर असायचा, पुढं कंसात ‘पी.पी.’ लिहून. म्हणजे शेजाऱ्याचा फोन, बोलावून देतील. बोलवायला मी जायचे. दुसरं काय करणार, मला कुणी काम सांगितलं की बरं वाटायचं. भाकरीचा तेवढा भार उतरायचा. बोळातून धावत जायचं आणि दारातून ओरडायचं, ‘तुमचा फोन!’ सुरुवातीला मी आमच्या बोलीत बोलायचे. कुणी म्हणालं, आज नको, तर विचारायचे, ‘काहून?’ म्हणजे ‘का?’ सगळा बोळ हसला. पोरं मागे लागली, ‘ए काहून, फोन आला का गं?’ महिन्याभरात माझं नाव मंदा आहे हे लोक विसरले. मी ते विचारणंच सोडून दिलं. पण शब्दाबरोबर प्रश्नही गेला, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. काकांनी मला सोल्डर मारायला शिकवलं, तुटलेली वायर शोधायला शिकवलं. ‘हितं धर, हितं टेकव’ म्हणाले की मी धरायचे, टेकवायचे. का, ते विचारत नसे. तेही आपणहून सांगत नसत.

आमच्या भिंतीला भिंत लागून हौसाक्का राहायची. निपाणीकडची, विधवा, गुडघ्यांनी गांजलेली, आणि आवाज असा की बोळाच्या त्या टोकाला दळण टाकायला गेलेली बाई परत फिरावी. तिचा एकुलता मुलगा बाळू आखातात वेल्डर होता. महिन्यातून एकदा, शुक्रवारी दुपारी, त्याचा फोन यायचा. मी धावत जायचे. हौसाक्का उठायची, भिंत धरायची, तीन पायऱ्या उतरायची, बोळातून येऊन आमच्या चार पायऱ्या चढायची, आणि सारखी म्हणत असायची, ‘आले रं, आले, ठिऊ नको.’ बाळू तिकडे थांबलेला असायचा, आणि तिकडचं एकेक मिनिट महाग. एका शुक्रवारी ती पोचली, खुर्चीत बसली, दम खाऊन फोन कानाला लावला, तर नुसतं टूं टूं. लाईन तुटली होती. तिला ते कळलं, मला तिच्या तोंडावर दिसलं. तरी ती त्या मेलेल्या फोनात म्हणाली, ‘बाळू, जेवलास का रं?’ मग हळूच फोन ठेवला.

काकांच्या हातात तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि बराच वेळ परत उचलला नाही.

ते फोन ऑफिसात जाऊन विचारून आले. शेजारच्या घरात जोड देता येत नाही, दुसऱ्याचं घर म्हणजे दुसरा अर्ज, दुसरी यादी. पुढच्या महिन्यात बाळूने सुट्टीवर येणाऱ्या एका माणसाबरोबर आईला नायलॉनचं लुगडं पाठवलं, आणि लुगड्याच्या घडीत एक फोन. दुधी रंगाचा, साबणाच्या वडीसारखा हलका, चकतीच्या जागी बटणं. हौसाक्का तो घेऊन काकांकडे आली. ‘मिस्त्री, ह्येला काय करायचं? देवाऱ्यात ठिवू?’

काकांनी तो उघडून बघितला. लहान मुलाला न्हाऊ घालावं तसा हातात धरला होता. एक रविवार आला, आणि माडीच्या पत्र्याखालच्या झरोक्यातून काळी वायर हौसाक्काच्या खोलीत गेली. तिकडून वायर मीच ओढली, जोड मीच सोल्डर केला. काका एवढंच म्हणाले, ‘मंदे, ह्ये कुणाला बोलायचं न्हाय.’ आणि हौसाक्काला बजावलं, ‘शुक्रवारी दुपारी वाजला की उचलायचा, एरवी वाजू द्यायचा. बटणं दाबायची न्हाईत.’

‘मला कुठं आकडं येत्यात?’ ती म्हणाली. ‘बाळूच तेवढा बोलू दे माझ्यासंगं.’

आमचा लाईनमन श्रीपती दर पंधरा दिवसांनी चहाला यायचा. त्याने एकदा मान वर करून झरोक्याकडे बघितलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, ‘मिस्त्री, कोळ्यानं जाळं लईच काळं इणलंय बघा.’ काका म्हणाले, ‘हं.’ विषय तिथंच संपला.

पण तेव्हापासून आमच्या फोनची घंटी बारीक वाजू लागली. आधी खणखणीत वाजायची, माडीवर कपडे वाळत घालताना ऐकू यायची. आता घशात कफ अडकल्यासारखी खर्र, टिंग, खर्र. रेडिओ चालू असले तर ऐकूच यायची नाही. लोक तक्रार करू लागले, ‘फोन लावला, तुमी उचलताय कुठं?’ जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याने काकांना लग्नाच्या लाऊडस्पीकरचं काम सांगायला तीनदा फोन केला आणि शेवटी दुसऱ्याला दिलं. काकांनी त्या दिवशी अर्धी भाकरी ताटातच ठेवली. मला वाटलं, फोन बिघडलाय आणि त्यांना एकट्याला सगळं बघावं लागतंय. आणि त्यातच दिवाळी येत होती. दिवाळीला माझी आई वाशीमच्या पोस्टातून फोन लावायची, तीन मिनिटांचा. घंटी ऐकू आली नाही तर ती रिकामी परत जाईल, हेही मनात होतं. ते लपवत नाही.

म्हणून एका सकाळी, काका जयसिंगपूरला त्या व्यापाऱ्याचा रेकॉर्ड प्लेअर तरी दुरुस्तीला मिळतो का बघायला गेलेले असताना, मी फोनचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर तक्रारीचा नंबर होता. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः चकती फिरवली. शाळेत बोलावं तसं शुद्ध बोलले, ‘आमच्या फोनची घंटी फार बारीक वाजते. कृपया दुरुस्त करावी.’ पलीकडच्या माणसाने नाव, पत्ता विचारून तक्रारीचा क्रमांक सांगितला, तो मी कॅलेंडरच्या मागे लिहिला. मला इतका आनंद झाला होता. काका संध्याकाळी येतील, घंटी खणखणीत वाजेल, आणि ते विचारतील, ‘कुणी केलं?’ तेव्हा मी काही बोलणार नाही, नुसती भाकरी वाढीन. असं सगळं मी ठरवून टाकलं होतं. मावशीलाही सांगितलं नाही.

तक्रार केली की चार दिवस कुणी फिरकत नाही, अशी खात्याची ख्याती. नेमके त्या दिवशी खात्याचे नवे साहेब गल्लीगल्लीतून फिरत होते. दुपारी श्रीपती आला तो एकटा नव्हता. बरोबर एक तरुण साहेब, पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातात फाईल. श्रीपती मला डोळ्यांनी काहीतरी सांगत होता. मला वाटलं, चहा ठेव म्हणतोय. मी चहा ठेवला.

साहेबांनी फोन उघडला, फुंकर मारली, घंटीच्या वाट्या तपासल्या, बंद केला. ‘यंत्र चांगलं आहे,’ म्हणाले. मग ऑफिसात फोन लावून सांगितलं, की या नंबरवर घंटी द्या, आणि फोन ठेवून वाट बघत उभे राहिले. खर्र, टिंग. खर्र. आणि घंटी मध्येच थांबली. साहेबांनी अजून हात लावला नव्हता. त्यांच्या कपाळाला आठी पडली. फोन उचलून त्यांनी कानाला लावला, आणि हौसाक्का बोलली. ती त्यांना एका कानाने फोनातून ऐकू आली आणि दुसऱ्या कानाने भिंतीतून. आम्हा सगळ्यांनाच आली.

‘बाळू? आज कसा रं? आज शुक्रवार न्हाय, पर ऱ्हावलं न्हाय म्हून उचलला! बरा हायस न्हवं? बाळू?’

आतून मावशी पीठ भरल्या हातांनी येऊन दारात थांबली.

‘आजी, मी बाळू नाही,’ साहेब फोनात म्हणाले. ‘फोन ठेवा.’

‘मग तुमी कोण? त्येला काय झालं? सांगा की!’

साहेबांनी डोळे मिटले. ‘बाळूला काही झालं नाही आजी. तो बरा आहे. ठेवा.’

मग त्यांनी मान वर केली. काळी वायर वाशाला लागून झरोक्यापर्यंत गेलेली, शाळेतल्या पोरालाही दिसेल अशी. ‘श्रीपती,’ ते म्हणाले, ‘ही तुला कधी दिसली नाही?’

‘साहेब, मला मोतीबिंदूची सुरुवात हाय.’

‘कधीपासून?’

‘आत्तापासनंच म्हणा की.’

कुणी हसलं नाही. साहेबांनी फाईल उघडली. ‘तक्रार कुणी दिली?’ मी म्हणाले, ‘मी.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहाचा कप होता. ‘बाई,’ ते म्हणाले, ‘तारेत जोर एका घंटीचा, आणि जोडल्यात दोन. मग बारीकच वाजणार. ही तक्रार तुम्ही दिलीत?’ मला तेव्हा समजलं. काकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आपली घंटी बारीक झाली तरी चालेल, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं कुणाला सांगितलं नव्हतं.

मावशी साहेबांना म्हणाली, ‘दादा, म्हातारीचं गुडघं गेल्यात. तुमचीबी आई आसंल. वायर आत्ता ओढून काढते, माझ्या हातानं. तुमी बघितलंच न्हाय म्हणायचं.’

‘मावशी, मी बघितलं नसतं तर बरं झालं असतं. पण तिकडे टेस्टिंगवरच्या माणसानंही आजीचा आवाज ऐकलाय. आता मी काय करू?’ त्यांचा आवाज रागाचा नव्हता. दमलेल्या माणसाचा होता. माझा चहा त्यांनी घेतला, उभ्या उभ्या, आणि मग लाईन कापली. काळा फोन सोडवला, त्याची दोरी त्यालाच गुंडाळली. मावशीने क्रोशाचा रुमाल तेवढा काढून घेतला. जाताना त्यांनी एक कागद माझ्यापुढे केला. तक्रार माझ्या नावाने होती, ती बंद करायला सही लागत होती. त्यावर लिहिलं होतं, ‘घंटी बारीक वाजते. दोष दूर केला.’ मी सही केली. नववीतल्या अक्षरात, पूर्ण नाव.

फोन परत यायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात बाळूचा फोन तीन बोळ पलीकडे एका किराणा दुकानात यायचा. शुक्रवारी हौसाक्का सकाळीच जेवून निघायची आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायची. मी तिचा हात धरून न्यायचे, फोन येईपर्यंत शेजारी बसायचे. कधी यायचा, कधी नाही. तिने मला एकदाही बोल लावला नाही, उलट दुकानदाराला सांगायची, ‘ही आमच्या मिस्त्रीची पोरगी.’ तो दुधी फोन फडक्यात बांधून तिने आमच्याकडे आणून दिला होता. पुढं कायदे सैल झाले, कुणीही बाजारातून कसलाही फोन आणून जोडू लागला, तेव्हा काकांनी तो धुऊनपुसून पहिल्यांदा हौसाक्काकडेच लावला, उघडपणे, तिच्या स्वतःच्या लाईनवर. आणखी काही वर्षांनी फोनच कुणाला नकोसे झाले. गेल्या महिन्यात राजारामपुरीतल्या एका हॉटेलवाल्याचा मुलगा माझ्याकडे आला होता. त्याला भिंतीवर लावायला जुने काळे फोन हवे होते. ‘चालू नसले तरी चालतील आज्जी,’ म्हणाला. ‘नुसते दिसायला.’ मी नाही म्हणाले. त्याला का ते सांगत बसले नाही. दम लागतो आताशा.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. साहेब गेल्यावर मावशी भाकरी थापत बसली. मग तव्याकडे बघतच, इतक्या वर्षांत कधी न काढलेला माहेरचा शब्द तिच्या तोंडून निघाला. ‘काहून केलं बाई असं?’ मी उठले. खुंटीवरची पिशवी काढली. आवरायचं काही नव्हतंच, ती भरलेलीच होती. ती मांडीवर घेऊन मी दुकानाच्या पायरीवर बसले. वाशीमची गाडी किती वाजता असते हे मला ठाऊक नव्हतं, तेवढं काकांना विचारायचं होतं.

काका दिवेलागणीला आले, हातात जयसिंगपूरच्या भडंगाची पुडी. रिकामी भिंत त्यांनी आधी बघितली, मग मला. मी सगळं सांगितलं. तक्रारीचा क्रमांकसुद्धा सांगितला, का कोण जाणे. ते ऐकत राहिले. मग आत वळून विचारलं, ‘पोरगी जेवली का?’

‘कुठली जेवतीय,’ मावशी आतून म्हणाली. ‘दुपारधरनं पिशवी घेऊन बसलीया तिथं.’

काका पुडी घेऊन आत आले. बाकावर जाऊन बसले, भंगारातून जुन्या दोन घंट्या काढल्या, एक लहानसा ट्रान्सफॉर्मर लावला आणि मला हाताने खूण केली. मी पिशवी घेऊनच जवळ जाऊन बसले. त्यांनी एक घंटी जोडली. खणखणीत वाजली. मग तिच्या शेजारी दुसरी जोडली. दोन्ही कण्हल्यासारख्या वाजू लागल्या.

‘काय झालं?’

‘बारीक झाली.’

‘काहून?’

बोळातल्या पोरांसारखे ते हसत नव्हते. खरोखर विचारत होते. मी सांगायचा प्रयत्न केला, साहेबांकडून ऐकलेलं अर्धंमुर्धं. त्यांनी दुरुस्त केलं. पुन्हा जोडायला लावलं, तिसरी घंटी लावून दाखवली, तार पातळ घेतली तर काय होतं ते दाखवलं. भडंगाची पुडी मध्ये उघडी होती. ते बोलता बोलता एकेक शेंगदाणा माझ्याकडे सरकवत होते. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, ‘मी तुला हितं धर, हितं टेकव एवढंच सांगिटलं. कशापायी, ते न्हाय सांगिटलं. ती चूक माझी. हितनं पुढं इच्चारायचं. दहा येळा इच्चारायचं. बोळ हसू दे हसला तर.’

मी मान हलवली. विचारायचं होतं ते एकच होतं. ‘गाडी… वाशीमची…’

काकांनी माझ्या मांडीवरची पिशवी उचलली. मला वाटलं, आता स्टँडवर सोडायला निघतात. त्यांनी ती बाकावर उलटी केली. माझे दोन झगे, टॉवेल, आईचं पत्र, फणी, सगळं बाहेर. ‘आगं ए,’ त्यांनी मावशीला हाक मारली, ‘हिची कापडं कपाटात ठेव.’ मावशी हात पुसत आली, आणि कपडे उराशी धरून आत घेऊन गेली. मग काकांनी रिकाम्या पिशवीत मीटर ठेवला, पक्कड, दोन स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरची गुंडाळी आणि राळेची डबी, आणि पिशवी माझ्याच खुंटीला परत टांगली. ‘ही आता दुकानाची,’ म्हणाले. ‘बाहेरचं काम निघालं की ही घेऊन माझ्यासंगं यायचं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला जाताना, कपडे कुठून काढायचे ते क्षणभर मला कळेना. खुंटीपाशी उभी राहिले. पिशवीतून राळेचा वास येत होता. मग मी आत गेले आणि कपाट उघडलं.